मध्ययुगीन ख्रिस्ती हस्तलिखितं आणि ‘देव आहे का?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोडी शिकवता शिकवता मी लॅटिन हस्तलिखितांच्या नादी लागले. तेव्हापासून पत्रांत, फोनवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही तेच ते प्रश्न येत राहिले. ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मध्ये मध्ये क्रमांक दिले आहेत.

१. हा अभ्यास देव सिद्ध करायचा आहे की जुन्या पोथ्यांचा?

पोथ्यांचा. साधारण ११व्या ते १४व्या शतकात पश्चिम युरोपातल्या मठांत, आणि पुढे पॅरिस-ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत, देवाचं अस्तित्व केवळ बुद्धीच्या जोरावर दाखवता येईल का यावर खूप लिहिलं गेलं. ते लिखाण चर्मपत्रावर हाताने उतरवलेलं आपल्यापर्यंत आलं. कोणी उतरवलं, काय गाळलं, कशाच्या शेजारी बांधलं, समासात कोण काय पुटपुटलं, हे आपण बघतो.

तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात हे युक्तिवाद तीन ओळींत उरकलेले असतात आणि एकटे उभे असतात. हस्तलिखितात युक्तिवाद एकटा सापडणं विरळा. त्याच्या आगेमागे आक्षेप असतो, पुष्कळदा लेखकानेच बोलावून आणलेला. खालची बरीचशी उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतील, कारण मला या अभ्यासात त्याहून रंजक काही सापडलेलं नाही.

२. त्यासाठी श्रद्धा असावी लागते का?

नाही. लॅटिन यावं लागतं.

३. लॅटिन अजिबात येत नाही. मग?

आधी भाषांतर वाचा, मग मूळ. शाळेत संस्कृत झालं असेल तर विभक्ती नवीन वाटणार नाहीत. लॅटिनमध्ये संबोधन धरून सहाच आहेत. शिवाय विद्यापीठांतल्या पंडितांचं लॅटिन प्राचीन रोमन वक्ता सिसेरोसारखं वळणदार नसतं. शब्द मोजके, वाक्यं ठरीव, ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘याला उत्तर असं की’ हे पुन्हा पुन्हा येणारं. १३व्या शतकातला पंडित थॉमस अक्वायनस याचं एक पान नीट लागलं की पुढची बरीच पानं सोपी जातात. ११व्या शतकातला संन्यासी अन्सेल्म (४ पाहा) मात्र तसा नाही. त्याचं गद्य लयबद्ध आहे, प्रार्थनेसारखं मोठ्याने म्हणावं असं. तिथे घाई करू नका.

४. सुरुवात कोणत्या ग्रंथापासून करू?

अन्सेल्मच्या ‘प्रोस्लोगिऑन’पासून. लहान आहे, सव्वीस छोटे अध्याय. आणि त्याच्या जन्माची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

अन्सेल्मचा जन्म १०३३चा, आल्प्सच्या पायथ्याच्या आओस्ता गावातला. पुढे तो नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात संन्यासी झाला, मग मठाधिपती, आणि १०९३मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप. १०७७-७८च्या सुमारास त्याला एका विचाराने झपाटलं होतं: देव आहे हे दाखवायला दुसऱ्या कशाचाही आधार लागू नये, असा एकच युक्तिवाद सापडेल का? त्याचा शिष्य आणि चरित्रकार एडमर सांगतो की या नादात अन्सेल्मची तहान, भूक, झोप उडाली. हे प्रार्थनेत आड येतंय, तेव्हा सैतानाचाच डाव असावा, असंही त्याला वाटून गेलं. शेवटी एका रात्री, मठातली रात्रीची प्रार्थना चालू असताना, त्याला तो सापडला.

त्याने तो मेणाच्या पाट्यांवर लिहिला. लाकडी पाटीवर मेणाचा थर, त्यावर टोकदार काडीने कोरायचं. कच्चं लिखाण असंच होई. पाट्या एका सहसंन्याशाकडे सांभाळायला दिल्या. काही दिवसांनी मागितल्या तर गायब. कोणी घेतल्या, पत्ता नाही. अन्सेल्मने पुन्हा लिहून त्यालाच दिल्या, या वेळी जपून ठेव म्हणून बजावून. त्याने त्या बिछान्यात लपवल्या, आणि दुसऱ्या दिवशी बिछान्यासमोर जमिनीवर त्यांचे तुकडे सापडले, मेण इतस्ततः उडालेलं. तुकडे गोळा करून, जुळवून, मजकूर कसाबसा वाचवला, आणि मग अन्सेल्मने तो चर्मपत्रावर उतरवून घ्यायला सांगितलं. लीळाचरित्राची पोथी हरवली आणि आठवणीतून पुन्हा उभी केली, ही महानुभावांची हकीकत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल.

५. तो युक्तिवाद नेमका काय आहे?

थोडक्यात: देव म्हणजे ‘ज्याहून थोर काही कल्पनेत आणता येत नाही’ असं काहीतरी. ‘देव नाही’ म्हणणाऱ्यालाही हे शब्द ऐकून कळतात, म्हणजे ते त्याच्या मनात तरी आहे. पण नुसतं मनात असण्याहून प्रत्यक्षातही असणं थोर. तेव्हा ते नुसतं मनातच असेल, तर त्याहून थोर काही कल्पिता येईल. आणि हा तर अंतर्विरोध झाला.

‘देव नाही’ म्हणणारा हा माणूस अन्सेल्मने बायबलातल्या स्तोत्रसंहितेतून घेतला आहे: ‘मूढ मनात म्हणतो, देव नाही.’ लॅटिनमध्ये तो ‘इन्सिपिएन्स’. त्याला विसरू नका, १०व्या उत्तरात तो पुन्हा भेटेल. याला ‘सत्तामूलक युक्तिवाद’ म्हणतात ते मात्र फार नंतरचं, कांटच्या काळातलं. कुठल्याही मध्ययुगीन पोथीत हे नाव शोधू नका.

६. अन्सेल्मच्या हातची प्रत कुठे बघायला मिळते?

‘प्रोस्लोगिऑन’ची त्याच्या हातची प्रत उरलेली नाही. जवळात जवळ जायचं तर ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातलं ‘बोडली २७१’ हे हस्तलिखित पाहा. कँटरबरीच्याच मठात, १२व्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात, अन्सेल्मचे ग्रंथ एकत्र करून केलेली ही प्रत. तो ११०९मध्ये वारला, म्हणजे त्याला प्रत्यक्ष ओळखणारी माणसं ज्या मठात होती तिथली. आज सगळे वापरतात ती चिकित्सक आवृत्ती बेनेडिक्टाइन संन्यासी श्मिट यांनी १९३८ ते १९६१ या काळात काढली, सहा खंडांत.

७. पान उघडलं, पण एकही शब्द लागत नाही. माझं काय चुकतंय?

काही नाही. सगळ्यांचं असंच होतं. अडचणी दोन आहेत.

पहिली, संक्षेप. चर्मपत्र महाग, एकेका पोथीला कळपभर मेंढरांची किंवा वासरांची कातडी लागे. त्यामुळे लहिये शब्द आखडत. मोडी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको: ‘मौजे’चं ‘मौ।।’ आणि ‘राजमान्य राजश्री’चं ‘रा. रा.’ आपल्याकडेही झालं. लॅटिनमध्ये ‘देउस’ म्हणजे देव. त्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहायचं, वर आडवी रेघ. ‘नोन’ म्हणजे नाही. एक अक्षर, वर रेघ. ‘एस्त’ म्हणजे आहे. एक अक्षर, वर रेघ. मूढाचं ‘देउस नोन एस्त’ हे सबंध विधान चार अक्षरांत आणि तीन रेघांत मावतं. रेघा फिकट झाल्या असतील तर बसा भिंग घेऊन. ‘पी’ या अक्षराची तर गंमतच: खालच्या दांडीला आडवी रेघ असेल तर ‘पेर’, दांडीला डावीकडे वळसा असेल तर ‘प्रो’, डोक्यावर रेघ असेल तर ‘प्रे’. इटालियन पुराभिलेखपाल कापेल्ली यांचा संक्षेपांचा कोश १८९९मध्ये निघाला. आजही तो हाताशी असल्याशिवाय पान हलत नाही.

दुसरी अडचण उभ्या काड्यांची. १३व्या शतकाच्या गॉथिक वळणात ‘आय’, ‘यू’, ‘एन’, ‘एम’ ही सगळी अक्षरं सारख्याच उभ्या काड्यांनी बनतात, आणि ‘आय’वर टिंब असेलच असं नाही. ‘मिनिमुम’ हा शब्द म्हणजे ओळीने पंधरा काड्या. डोळे फिरतात. म्हणून सुरुवात १२व्या शतकातल्या प्रतींनी करा, तिथली अक्षरं गोल आणि सुटी असतात.

८. चांगली छापील आवृत्ती असताना हस्तलिखित कशाला बघायचं?

एकेका शब्दासाठी. दोन उदाहरणं देते, एक माझ्या फजितीचं.

अन्सेल्मच्या सूत्रात ‘क्वो’ आहे: ‘ज्याहून’ थोर काही कल्पिता येत नाही. मी पहिल्यांदा ते पान उतरवलं तेव्हा एका डागाला संक्षेपाची खूण समजून ‘क्वोद’ वाचलं, म्हणजे ‘जे’. तीन संध्याकाळ मी ‘जे सर्वांत थोर आहे’ अशा अर्थाने पुढचा अध्याय लावत बसले आणि अन्सेल्मचं तर्कशास्त्र कच्चं आहे असं टिपणही करून ठेवलं. ‘सर्वांत थोर’ आणि ‘ज्याहून थोर कल्पिता येत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्सेल्मच्या हयातीतल्या टीकाकाराने नेमकी तीच गल्लत केली होती, आणि ‘मी असं कुठेही म्हटलेलं नाही’ म्हणून अन्सेल्मने त्याला फटकारलं आहे (९ पाहा).

दुसरं उदाहरण मोठं. थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’त, पहिल्या भागाच्या दुसऱ्या प्रश्नाच्या तिसऱ्या कलमात, देवाकडे जाणारे प्रसिद्ध ‘पाच मार्ग’ आहेत. तिसरा मार्ग असण्या-नसण्याचा. तिथल्या एका वाक्यात ‘सेम्पेर’ म्हणजे ‘नेहमी’ हा शब्द काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. शब्द ठेवला तर अर्थ होतो: ‘अशा नाशवंत वस्तू नेहमी असणं अशक्य.’ काढला तर: ‘जे जे आहे ते सगळंच नाशवंत असणं अशक्य.’ पहिलं वाक्य एकेका वस्तूबद्दल बोलतं, दुसरं सगळ्या विश्वाबद्दल एकदम निष्कर्ष काढतं. थॉमसने इथे उडी मारली की नाही, यावर तत्त्वज्ञ भांडत आले आहेत, आणि भांडणाच्या मुळाशी एक पाठभेद आहे. वाक्यातला स्वल्पविराम तर संपादकाचा.

९. अन्सेल्मला कोणी विरोध केला नाही का? तेव्हा तर सगळेच श्रद्धाळू होते.

केला, आणि संन्याशानेच केला. तूरजवळच्या मार्मूतिए मठातल्या गौनिलोने ‘मूढाच्या वतीने’ एक लहानसं उत्तर लिहिलं. त्यात हरवलेलं बेट आहे: समुद्रात कुठेतरी सर्व बेटांहून उत्कृष्ट असं बेट आहे म्हणतात, मी शब्द समजलो, म्हणजे ते मनात आहे, आणि प्रत्यक्षात असणं श्रेष्ठ, तेव्हा ते असलंच पाहिजे, असं कोणी मला सांगू लागला तर तो थट्टा करतोय की आम्हा दोघांत जास्त मूढ कोण, हेच मला कळणार नाही.

अन्सेल्म रागावला नाही. त्याने सविस्तर उत्तर लिहिलं आणि एडमरच्या सांगण्याप्रमाणे अशी इच्छा व्यक्त केली की यापुढे ग्रंथाची नक्कल करताना गौनिलोचा आक्षेप आणि आपलं उत्तर दोन्ही शेवटी जोडावीत. प्रतींत हा क्रम दिसतो: आधी ग्रंथ, मग आक्षेप, मग उत्तर. आपल्या मुख्य ग्रंथाला आपल्याच विरोधकाचं शेपूट जोडून पाठवणारा लेखक आज दाखवा.

थॉमसने हाच स्वभाव पुढे साचात बसवला. ‘सुम्मा’चं प्रत्येक कलम विरोधी मुद्द्यांनी उघडतं: ‘असं दिसतं की देव नाही.’ पहिला आक्षेप जगातल्या दुःखाचा, दुसरा असा की निसर्ग आणि माणसाची इच्छा एवढ्यावर सगळं भागतं, देव कशाला हवा? मग ‘उलटपक्षी’, मग ‘माझं उत्तर’, आणि शेवटी एकेका आक्षेपाचा समाचार. पानावर बोट ठेवून बघा, ‘देव नाही’ हे पाच मार्गांच्या आधी येतं. त्याच प्रश्नाच्या पहिल्या कलमात थॉमसने अन्सेल्मचा युक्तिवादही नाकारला आहे, नाव न घेता.

१०. पोथ्यांतल्या चित्रांत या वादाचं काही दिसतं का?

तर्कग्रंथांत चित्रं कमी. पण स्तोत्रसंहितेच्या पोथ्या उघडा. ‘मूढ मनात म्हणतो’ हे स्तोत्र तिथे दोनदा येतं. लॅटिन क्रमांक १३ आणि ५२ (आजच्या बायबलात १४ आणि ५३). ५२वं स्तोत्र एका विभागाच्या आरंभी येत असल्याने त्याचं पहिलं अक्षर मोठं, चित्र काढून सजवलेलं असतं. त्या ‘डी’ अक्षराच्या पोटात पुष्कळदा मूढ उभा असतो: अर्धनग्न किंवा चित्रविचित्र कपड्यांतला, हातात सोटा, दुसऱ्या हातातली गोल भाकरी दातांनी तोडत असलेला. कधी समोर राजा दावीद असतो. नास्तिकाचं चित्र काढायला सांगितल्यावर त्या चित्रकारांना असा माणूस सुचला. गौनिलोने वकीलपत्र घेतलं ते याचंच.

११. अरबी आणि ज्यू विचारवंतांचा यात वाटा आहे का?

मोठा. अ‍ॅरिस्टॉटलचे बरेच ग्रंथ पश्चिमेत आले ते इब्न सीना आणि इब्न रुश्द यांच्या भाष्यांच्या साथीने, १२व्या-१३व्या शतकातल्या लॅटिन भाषांतरांतून. थॉमस इब्न रुश्दला नुसतं ‘भाष्यकार’ म्हणतो, आपण शंकराचार्यांना म्हणतो तसं. मैमोनिडीजला तो ‘रब्बी मोझेस’ म्हणतो. अन्सेल्म या लाटेच्या आधीचा.

१२. थॉमसच्या हातचं काही आहे का?

आहे. ‘सुम्मा काँत्रा जेंतिलेस’ या त्याच्या दुसऱ्या ग्रंथाचा बराचसा भाग त्याच्या हातचा व्हॅटिकन ग्रंथालयात आहे, ‘व्हॅटिकन लॅटिन ९८५०’ या क्रमांकाखाली. पण उत्साहाने उघडाल तर निराश व्हाल. त्याच्या अक्षराला परंपरेने नावच पडलंय ‘न वाचता येणारं अक्षर’. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपण हसतो, हे त्याच्या पुढचं. मोजक्याच तज्ज्ञांना ते लागतं. तरी खोडाखोड बघाच: ओळीच्या ओळी काटलेल्या, पुन्हा लिहिलेल्या. बाकी बरंचसं तो लेखनिकांना सांगत असे. डिसेंबर १२७३मध्ये त्याने लिहिणं थांबवलं, ‘सुम्मा थिओलॉजिए’ अपुरी राहिली आणि मार्च १२७४मध्ये तो गेला.

१३. एकाच ग्रंथाच्या दोन पॅरिसच्या प्रती अर्ध्यात जुळतात आणि पुढे जुळत नाहीत. असं कसं?

कॉलेजजवळचं झेरॉक्सचं दुकान आठवा. सरांच्या नोट्सचा मूळ गठ्ठा दुकानात, तो सुटा करून एकेक भाग चौघे घेऊन जातात. १३व्या शतकात पॅरिस विद्यापीठात हेच चाले. परवानाधारक ग्रंथविक्रेत्याकडे ग्रंथाची तपासलेली मूळ प्रत न बांधता, तुकड्यांत असे. तुकड्याला ‘पेसिया’ म्हणत, बहुधा चार पत्रांचा. लहिया एक तुकडा भाड्याने नेई, उतरवी, परत करून पुढचा घेई. पुढचा कोणी नेलेला असेल तर थांबायचं, किंवा जागा सोडून त्याच्या पुढचा उतरवायचा. तुकडा झिजला की बदलत. त्यामुळे तुमची प्रत पाचव्या तुकड्यापर्यंत एका घराण्याची आणि सहाव्यापासून दुसऱ्या घराण्याची असू शकते. समासात बारीक आकडे दिसले तर ते या तुकड्यांचे. तिथेच पाठभेदांची चाल बदलते का बघा. फ्रेंच अभ्यासक देत्रे यांनी १९३५मध्ये हे सगळं मांडलं. त्याआधी ‘सर्वांत जुनी प्रत ती सर्वांत चांगली’ असं धरून चालणारे बरेच होते.

१४. घरबसल्या, पैसे न देता कुठे बघता येईल?

व्हॅटिकनचं ‘डिजिव्हॅटलिब’, फ्रान्सचं ‘गॅलिका’, स्वित्झर्लंडचं ‘ई-कोडिसेस’, ऑक्सफर्डचं ‘डिजिटल बोडलियन’, केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचं पार्कर ग्रंथालय. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३मध्ये सायबर हल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं दीर्घकाळ बंद होती. तेव्हापासून मी कामाची पानं उतरवून ठेवते, तुम्हीही ठेवा. टीप लिहिताना ग्रंथालय, संग्रह, क्रमांक, पत्राचा आकडा आणि पुढची की पाठची बाजू, एवढं हवंच. पोथीला आपण ‘१२ अ, १२ ब’ लिहितो तसंच.

हस्ताक्षर ओळखणारी संगणक साधनं वापरली तर चालतात, पण ती संक्षेप सोडवताना आत्मविश्वासाने चुका करतात. ‘क्वो’-‘क्वोद’ माझ्या आधी त्यांचंच चुकतं.

१५. महाराष्ट्रात किंवा गोव्यात अशी हस्तलिखितं आहेत का?

मुंबईत एक रत्न आहे. फोर्टमधल्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात, दान्तेच्या ‘दिव्य सुखान्तिके’चं मध्ययुगीन हस्तलिखित आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडून आलेलं. ते तर्कग्रंथ नाही, काव्य आहे, पण आपले सगळे लोक त्यात आहेत. स्वर्गखंडाच्या दहाव्या सर्गात थॉमस स्वतः बोलतो, बाराव्यात थॉमसचा समकालीन पंडित बोनाव्हेंतुरा अन्सेल्मचं नाव घेतो, आणि चोविसाव्यात देवावर विश्वास का, असं विचारल्यावर दान्ते भौतिक आणि पराभौतिक पुराव्यांचा दाखला देतो.

गोव्याबद्दल गैरसमज आहे. तिथलं ख्रिस्ती वाङ्मय मध्ययुगीन नाही. छापखानाच १५५६मध्ये आला. फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६चं. त्याची गंमत उलटी: ग्रंथ आधी छापला गेला, पण त्या जुन्या छापील प्रती नाहीशा झाल्या आणि तो आपल्यापर्यंत हाताने लिहिलेल्या प्रतींतून आला.

१६. परदेशी संकेतस्थळावर मध्ययुगीन सुटं पान विकायला आहे. घेऊ का?

नको. ते पान पुष्कळदा अख्खी पोथी फोडून विकलेलं असतं. पोथी फुटली की कोणाच्या शेजारी काय होतं हे कायमचं गेलं, आणि ९ आणि १३मध्ये सांगितलेलं सगळं त्या शेजारावरच उभं आहे.

१७. पोथीवर कर्त्याचं नाव आहे. म्हणजे लेखक तोच ना?

अजिबात नाही. अन्सेल्मच्या नावावर खपलेल्या प्रार्थना आणि चिंतनं एवढी आहेत की त्यांतली अस्सल कोणती हे निवडायला विसाव्या शतकात मोठं काम करावं लागलं. मोठ्या नावाखाली लहान लिखाण टिकतं. तुकारामांच्या गाथेच्या अभ्यासकांना हे माहीत आहे.

उलटही घडतं. ‘प्रोस्लोगिऑन’ आधी कर्त्याच्या नावाशिवायच फिरत होता, ‘समज शोधणारी श्रद्धा’ एवढ्याच शीर्षकाखाली. ल्योंचा आर्चबिशप ह्यू याने आज्ञाच केली तेव्हा अन्सेल्मने नाव घातलं, आणि तसं प्रस्तावनेत लिहूनही ठेवलं. समोरच्या बाजूलाही तेच. गौनिलोच्या मजकुराचं जुनं शीर्षक म्हणतं, ‘मूढाच्या वतीने कोणीएक यावर काय उत्तर देतो’. ज्या प्रतीत फक्त एवढंच आहे, तिथे आपल्या नोंदीत ‘गौनिलो’ असं सरळ लिहू नका. ‘कोणीएक’ लिहा आणि नाव चौकटी कंसात टाका.